चोवीस मेंढ्यांचा वाटा

गुरुवार, १४ सप्टेंबर २००६. जामसरच्या पुढचा तुझा पाडा. बुधी, आज तुझे दिवस घातले.

हजर: तुझा नवरा लहानू. तुझी थोरली जाऊ, जिने सगळ्यांचा भात शिजवला. पाड्यातल्या अकराही घरांतून निदान दोघं दोघं. खोडाळ्याहून तुझा भाऊ, आजचा बाजार सोडून. मी, जव्हारहून सकाळच्या एसटीने, फाट्यापासून चालत. गैरहजर: मुंबईचे डॉक्टरसाहेब. त्यांना कळवलेलं नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, मेल्यावरपन हजेरी घेतेस?" घेते. हजेरी घेतल्याशिवाय मला दिवसाची सुरुवात करता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? डॉक्टरसाहेबांच्या प्रयोगाच्या मेंढवाड्यावर अडीच वर्षं आपण दोघींनी रोज सकाळी तेच केलं. मी नंबर वाचायचे, तू कानातला बिल्ला बघून "हाय" म्हणायचीस. एक ते चोवीस. मग तू चूल पेटवायचीस, बिनदुधाचा चहा करायचीस, आणि मला विचारायचीस, "आता मला मोज, मी हाय का?"

शेवटचे दोन दिवस तू जव्हारच्या दवाखान्यात होतीस. माझ्या घरापासून तो चालत दहा मिनिटं. मला कळलं ते तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, भाजीबाजारात. आज लहानूला विचारलं, मला निरोप का नाही दिलास? तो मातीत काडीने रेघा ओढत म्हणाला, "ती नको म्हनली. म्हनली, बाईला सांगशील तर ती कागद घेऊन येल न् माझी यादी काढील."

बायका हसल्या. मीसुद्धा हसले. मग उठून मागच्या अंगणात गेले आणि तुझ्या नागलीच्या वाफ्यापाशी बराच वेळ उभी राहिले. त्या बायकांना तो विनोद वाटला, आणि तसा तो होताही. पण आपण दोघी साडेपाच वर्षं एकमेकींशी धड बोललो नव्हतो, आणि त्याचं कारण त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तू बायकांत कोणाला सांगितलं नव्हतंस. मी तर नव्हतंच.

परत आले तेव्हा तुझ्या जावेने पानावर भात वाढला आणि विचारलं, "ता मेंढरांचा काय होता गं बाई? एवढा रक्त कसाला काढायचात?" मी तिला तुझ्याच शब्दांत सांगितलं. माझ्या शब्दांत सांगायला मला कागद लागला असता.

तुला आठवतंय, डॉक्टरसाहेबांनी पहिल्यांदा समजावलं तो दिवस? मेंढवाड्याचं छप्पर अजून अर्धंच झालं होतं. ते उलट्या पाटीवर बसले होते आणि परदेशातल्या मेंढ्यांची गोष्ट सांगत होते. तिथे त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. मेंढीच्या गर्भात बाहेरचं जनुक घालायचं आणि रोगाला दाद न देणारी मेंढी घडवायची. कोकरं जन्मली. तपासलं तर जनुक प्रत्येकीच्या अंगात होतं. पण बहुतेकींमध्ये ते गप्प. रोग आला, मेंढी आजारी पडली, आणि ते आत तसंच पडून राहिलं. एका कोकरात उठलं ते भलत्याच ठिकाणी, आणि ते कोकरू मेलं.

मी वहीत "जनुक असणे" आणि "जनुक व्यक्त होणे" असे दोन शब्द लिहून त्यांच्यामध्ये रेघ मारली. तू ऐनाचा पाला तोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "म्हंजे देव सगळ्यांच्या अंगात हाय. वारा एखाद्यालाच येतो."

डॉक्टरसाहेब पाटीवरून तुझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बरोबर. आणि मला शोधायचंय की वारं कशाने येतं."

"ढोल वाजवला का येतो," तू म्हणालीस. "पन बाहेरून आनून घातलेला देव आपला ढोल ओळखील का नाय, ता बघ बाबा तू."

तू त्यांनाही "तू" म्हणायचीस. सुरुवातीला मी दोनदा दटावलं. त्यांनी मला थांबवलं.

तेच त्यांचं म्हणणं होतं, फक्त आमच्या कागदावर ते पाच पानं चाललं होतं. बाहेरून काय घालायचं ते ठरवण्याआधी मेंढीच्या अंगात आधीपासून काय झोपलेलं आहे आणि ते कशाने जागं होतं ते बघायचं. त्यासाठी त्यांना अशी जागा हवी होती जिथे मेंढीला रोग हटकून होतो. आपल्याकडे मेंढी पावसाळा काढत नाही. धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या आधी वर जातात. जो मागे राहिला त्याच्या मेंढ्यांचे खूर कुजतात, पोटात कृमी होतात, कृमी रक्त पितात. डॉक्टरसाहेबांनी म्हणूनच हा मुलूख निवडला. चोवीस मेंढ्या, दोन गट. विषम नंबरच्या बारा जणींना कृमींवरची नवी लस, लाल बुचाची बाटली. सम नंबरच्या बारा जणींना नुसतं मिठाचं पाणी, पांढऱ्या बुचाची बाटली. मग ठरलेल्या दिवशी सगळ्यांचं रक्त काढायचं आणि मुंबईला पाठवायचं. लस दिलेल्यांमध्ये कोणतं जनुक उठलं आणि बाकीच्यांत कोणतं झोपून राहिलं, एवढंच बघायचं.

तुझी नेमणूक मेंढ्या राखायला होती, माझी नोंदी ठेवायला. पहिल्याच आठवड्यात तू कामात पुढे गेलीस. जमिनीवर बांधायच्या मेंढ्या तू बांबूच्या मचाणावर चढवल्यास, लेंड्या आणि मूत खाली गळून जाईल असं. "पाय कोरडा तर मेंढरू निम्मा वाचला." साहेबांच्या नकाशात मचाण नव्हतं. मी ते नंतर नकाशात घातलं आणि खाली तुझं नाव लिहायचं राहून गेलं. ही माझी पहिली चूक. लहान आहे, पण यादीत असू दे.

सुई टोचायला मी तुला शिकवलं, कारण माझा हात थरथरायचा आणि तुझा नाही. रक्ताच्या नळ्या गोठवायला जनावरांच्या दवाखान्यातला नायट्रोजनचा कंटेनर मागून आणायचो. झाकण काढलं की पांढरा थंड धूर जमिनीवर उतरायचा. तू लांब उभी राहून म्हणायचीस, "असा धूर म्हंजे आत चूल उलटी पेटलीय." तो कंटेनर एसटीत घेऊन बसले की कंडक्टर हमखास विचारायचा, "बाई, आत काय शिजतंय?" मी तुझं उत्तर द्यायचे, "उलटी चूल आहे." एकदा त्याने खरंच अर्धं तिकीट जास्त फाडलं, चुलीचं म्हणून.

हे मी लांबवतेय. पुढचं लिहायचं आहे म्हणून.

पहिला पावसाळा, १९९९. सम नंबरच्या बारा जणींपैकी पाच मेल्या. पहिल्यांदा जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची. मग पापणी उलटून बघितली की आत पांढरीफटक. मग मेंढी उभी राहायची नाही. नियम होता की पापणी एका ठरावीक रंगाच्या खाली गेली की औषध द्यायचं. मी जव्हारच्या बूथवरून फोन लावायचे. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "दोन दिवस थांबा, तेवढं रक्त घेऊ द्या." दोन दिवसांत एक जायची. मी परत येऊन सांगायचे, थांबायचंय. तू कधी वाद घातला नाहीस. सोळा नंबरला तू भुरी म्हणायचीस. ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून दुपारभर श्वास घेत होती. औषधाची बाटली आपल्या दोघींच्या मध्ये, फळीवर. मी वेळ लिहीत होते. तीन वाजून दहा मिनिटं, तीन वाजून चाळीस. चार वाजता तू म्हणालीस, "लिही आता. नाय म्हनून लिही."

दुसऱ्या दिवशी हजेरीत सोळा आल्यावर तू काही बोलली नाहीस. मी सतराकडे गेले.

त्या वर्षीचा निकाल मात्र उत्तम होता. डॉक्टरसाहेब फोटो घेऊन आले. काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, प्रत्येक मेंढीची एक. जनुक उठलेलं असेल तर रेघ उजळ, झोपलेलं असेल तर पुसट. विषम सगळ्या उजळ, सम सगळ्या पुसट. साहेबांनी परदेशातल्या जुन्या सहकाऱ्यांना पत्र घातलं होतं: पुढच्या मेंढीत बाहेरून घालायचं असेल तर हेच जनुक घ्या. फक्त आणखी एका पावसाळ्यात हेच दिसू दे, मग पक्कं. तू फोटो तिरका धरून बघितलास. पुसट रेघांवर बोट ठेवलंस, मोजून पाच, मेलेल्या. कोणत्या पाच, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तुला नंबर वाचता येत होते, एवढंच साहेबांच्या लक्षात नव्हतं.

मग फाल्गुनात तुमच्या पाड्याने ओहोळातला डोह उपसला. साहेब पाच नव्या मेंढ्या सोडायला आले होते, तेही थांबले. पकडलेले मासे पळसाच्या पानांवर वाटे घालून मांडले. जितकी माणसं तितके वाटे. आजारी म्हातारीचा वाटा होता, भट्टीवर गेलेल्याच्या घरचा होता, लहानूच्या बहिणीच्या पोटातल्या पोराचा होता, कुत्र्याचा होता. मी काठावर नुसती उभी होते, चपला हातात घेऊन. माझाही वाटा घातलास.

"मी काय केलंय?" मी म्हटलं.

"उभी हायेस ना. उभ्याला वाटा."

मग एक जण पाठ करून बसला. दुसरा एकेका वाट्यावर काडी ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" पाठ केलेला नाव घ्यायचा. कोणता वाटा कोणाला जातोय ते त्याला दिसत नव्हतं. डॉक्टरसाहेब इतके खूश झाले. म्हणाले, "बुधी, आम्ही हेच करतो. देणाऱ्याला कळता कामा नये कोणाला काय दिलं. तुमची पद्धत आमच्यापेक्षा चोख आहे."

तू म्हणालीस, "पन आमचे वाटे सारखे असतात, डॉक्टर."

सगळे हसले. तेही हसले. मी तर ते वहीत लिहून घेतलं, गंमत म्हणून. ती वही समोर आहे.

दुसरा पावसाळा, २०००. लस देण्याचा दिवस आषाढातला. आदल्या दिवशी मी बर्फाच्या डब्यातून दोन्ही बाटल्या आणून मेंढवाड्यावर ठेवल्या. तुझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं: लाल विषमला, पांढरी समला, एकेकीला दोन मिली. तू न अडखळता म्हणालीस. सकाळी डॉक्टरसाहेब पोचायचे होते, पण घाटात दरड आली. मी जीपने निघाले तर ओहोळ दोन्ही काठ सोडून वाहत होता. पलीकडे तू डोक्यावर इरलं घेऊन उभी होतीस. आपण अर्धा तास तशाच उभ्या होतो. आवाज पोचत नव्हता. बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता, हे तुलाही माहीत होतं. तू हात हलवलास, जा म्हणून. मी जव्हारला परतले.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मी पोचले तर फळीवर दोन्ही बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. कापसाचे चोवीस बोळे एका पानात. मी मोजलं. बारा गुणिले दोन, चोवीस मिली लाल. बारा गुणिले दोन, चोवीस मिली पांढरी. दोन्ही रिकाम्या. सगळं जुळलं. मी नोंदवहीत आदल्या दिवसाची तारीख घातली. शेवटच्या रकान्यात लिहायचं असतं, "समक्ष". तिथे मी माझी सही केली.

त्या वर्षी एकही मेंढी मेली नाही. खूर थोडे बिघडले, तू हळद आणि करंजाचं तेल लावलंस. पापण्या शेवटपर्यंत लालसर. कार्तिकात डॉक्टरसाहेब फोटो घेऊन आले. चोवीसच्या चोवीस रेघा सारख्या. सगळ्या बऱ्यापैकी उजळ. ते मचाणाच्या कडेला बसले आणि फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिले. म्हणाले, "नळ्या माझ्याच हातून मिसळल्या असणार. दुसरं काही असूच शकत नाही." त्यांनी मला नोंदवही मागितली. तो दिवस काढून बघितला, माझी सही बघितली, आणि वही मिटून परत दिली. "तुमच्याकडे चूक नाही," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी तुला सांगितलं, दोन्ही गट सारखेच आलेत. तू भांडी घासत होतीस.

"येतीलच ना सारखे," तू म्हणालीस. "सारखाच दिला."

मी विचारलं, काय दिलंस?

"लालमधला एक, पांढऱ्यातला एक. सगळ्यांना." तू राखेचे हात झटकलेस. "मागल्या सालची भुरी बघितलीस ना तू. मंग मी कोनाला पांढरा देऊ?"

मी म्हणाले, बुधी, तू सगळा प्रयोग मारलास.

तू जराही घाबरली नाहीस. उलट तुला मजा वाटली. "कागद मेला ना. मेंढरां तर जगली."

त्या दिवसापासून प्रकल्प बंद व्हायच्या बैठकीपर्यंत तीन महिने गेले. तीन महिन्यांत मी डॉक्टरसाहेबांना नऊ वेळा भेटले किंवा फोनवर बोलले. कधी बोलले ते डायरीत आहे. काय नाही बोलले ते नाही. मी स्वतःला सांगितलं की मी तुला वाचवतेय. तुझं नाव सांगितलं तर तुझी नोकरी जाईल, पाड्यात बोभाटा होईल. हे खरंही होतं. पण तुझी चूक सांगायची तर आधी मला सांगावं लागलं असतं की सही माझी आहे आणि मी तिथे नव्हते. माझ्यावर लोक एवढ्यासाठीच विश्वास ठेवतात की माझी यादी बरोबर असते. एवढीच माझी इस्टेट आहे.

मी बोलले असते तर काय झालं असतं हे मला त्या बैठकीनंतर सुचलं. तांदूळ निवडत होते, हात थांबले. साहेबांना माहीत असतं की सगळ्यांना अर्धी लस मिळाली आहे, तर त्यांनी तोच फोटो वेगळा वाचला असता. अर्ध्या मात्रेतही जनुक उठतं. अर्ध्या मात्रेतही मेंढी जगते. रेघा सारख्या होत्या, कारण वाटा सारखा होता. त्यांनी दोन वर्षं जे शोधलं ते त्या फोटोत होतं, आणि ते समजायला लागणारी एक ओळ माझ्याकडे होती. त्यांनी परदेशी पत्र पाठवून आपलं म्हणणं मागे घेतलं. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत स्वतः नळ्या हाताळणं बंद केलं असं ऐकलं. हातावरचा भरवसा गेला म्हणे.

हे तुला कधीच सांगितलं नाही. तुला सांगितलं ते दुसरंच.

माघातला सोमवार. मेंढ्या विकून टाकायचा आदेश आला होता. खाटकाचा टेम्पो मेंढवाड्यापाशी उभा. तू पहाटेपासून त्यांना धुऊन, पाला घालून बसली होतीस, कारण तुला वाटत होतं की त्या धनगराच्या कळपात जाणार. टेम्पो बघून तुला कळलं. तू माझ्याकडे आलीस. "बाई, ही तर जगलीत ना? मंग?"

मी हातातल्या यादीवर नंबर खोडत होते. मान वर न करता मी म्हणाले, "तू वाटलंस म्हणून चालल्यात. बारा मरू दिल्या असत्यास तर बारा राहिल्या असत्या."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात काहीही कमी केलेलं नाही.

तू माझ्या हातातल्या यादीकडे बघितलंस. मग विचारलंस, "ती बारा कोन निवडनार होता? तू?"

मी चोवीस नंबर चढवला आणि फळी लावली. तू टेम्पोच्या मागे गेली नाहीस, रडली नाहीस. मचाणावर चढलीस आणि बांबू झाडायला लागलीस, उद्या सकाळी कोणी यायचं असल्यासारखी.

त्यानंतर तू दर हिवाळ्यात भिवंडीकडे वीटभट्टीवर जाऊ लागलीस. दोन वर्षांपूर्वी जव्हारच्या डेपोत तू मला दिसलीस. डोक्यावर गाठोडं, हातात कोंबडी. मी गर्दीतून तुझं नाव घेतलं. तू वळलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि सकाळच्या हजेरीला म्हणायचीस तसं "हाय" म्हणालीस. मग गाडीत चढलीस. मी तिथेच उभी राहिले, पुढचा नंबर कोणाचा ते न कळून.

आज जेवणं झाल्यावर मी लहानूला सगळं सांगितलं. तू वाटून दिलंस ते त्याला माहीत होतं, माझ्या सहीचं माहीत नव्हतं. मी माझ्याकडचं कारणही त्याच्यापुढे ठेवलं. तुमची मोठी मुलगी गोवराने गेली, त्या साली पाड्यात लस आणली ती अर्ध्याच पोरांना पुरली होती, बाकीच्यांना पुढच्या खेपेला म्हणून सांगितलं होतं, हे मला कोणीतरी बोललं होतं. म्हणून बुधीने असं केलं असेल ना, मी विचारलं. इतकी वर्षं मी हे कारण जपून ठेवलं होतं. ते नीट बसत होतं.

लहानूने मान हलवली. "नाय बाई. पोरीचा ता वेगळा." त्याने विडी विझवली. "वाट्याला कारन कसाला लागतो?"

मग त्याने मला दाखवलं. भाताचा एक वाटा पानावर बाजूला काढलेला होता, तुझा. शेजारी आणखी एक. मी विचारलं, हा कोणाचा? तो म्हणाला, "यायला पायजे होते ना एक. मुंबईचे डॉक्टर. ती असती तर तिनं ठेवला असता."

मी तो वाटा बांधून घेतला, कारण तसा तिथे ठेवून येता येईना. आता तो माझ्या स्वयंपाकघरात आहे, ताटाखाली झाकलेला.

बुधी, तू माझ्याकडून सुई शिकलीस आणि मी तुझ्याकडून काय शिकले याची यादी मला अजून करता आलेली नाही. मचाण. करंजाचं तेल. उभ्याला वाटा. आणि तुझा तो प्रश्न, ज्याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. हो, मी निवडल्या असत्या. बिल्ल्याच्या नंबरावरून, पेन्सिलीने, हात न थरथरता. त्या दिवशी ओहोळ उतरलेला असता तर मी तुझ्या शेजारी उभी राहून निवडल्याच असत्या, आणि त्या पावसाळ्यात आपल्याकडे आणखी पाच-सहा भुऱ्या झाल्या असत्या. तुझ्या हातून बाटली काढून घ्यायला मी तिथे नव्हते, याबद्दल मी तुझे आभार मानू की तुझी माफी मागू, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही लिहून ठेवते.

आजची कामं. एसटीने परत: झालं. लहानूच्या घरी तांदूळ आणि तेल पोचवणं: झालं. मचाणाच्या जुन्या नकाशावर तुझं नाव: आत्ता लिहिलं, शाईने. नोंदवही कपाटातून काढणं: झालं, आषाढातलं ते पान उघडं आहे, माझी सही अजून स्वच्छ दिसते. डॉक्टरसाहेबांचा पत्ता शोधणं: झालं, पाकिटावर घातला, तिकीट लावलं.

पत्र. पहिलं वाक्य मला माहीत आहे: त्या दिवशी मी मेंढवाड्यावर नव्हते. तुला लिहून झालं. त्यांना लिहायचं राहिलं आहे.